ओळ दोनशे बारा, रोप सात

“सहाच आहेत,” उर्वशी म्हणाली आणि तिने पुन्हा मोजायला सुरुवात केली.

रोपावरची मलमलची पिशवी तिने वर सरकवली होती. डाव्या हाताने ती एकेक लोंबी बाजूला करत होती. सकाळचे साडेनऊ झाले होते, बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, घोटाभर पाणी होतं. तिच्या मागे धुऱ्यावर, खाचराच्या बांधावर, धान संशोधन केंद्राचा पर्यवेक्षक हुकुमचंद पटले वही उघडून उभा होता. त्याच्यामागे पाखरं हाकलणारा म्हातारा मनिराम, खांद्यावर गोफण. दोन ओळी सोडून चार बाया निंदण करत होत्या. त्यांतली सगळ्यात पुढची फुलवंता. तिने मान वर केली नाही.

“सोमवारी सात होत्या ना?”

“सात. एक पिकलेली, सहा हिरव्या,” हुकुमचंदने वाचलं. “तुमचंच अक्षर आहे मॅडम.”

“पिकलेलीच गेली.”

फुलवंताने हातातलं गवत पाण्यात टाकलं. मग लगेच वाकून ते परत उचललं. उपटलेलं गवत पाण्यात पडलं की पुन्हा मूळ धरतं. बावीस वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं.

“पाखरानं नेली असन, मॅडम,” मनिराम म्हणाला. “तोते लय झाले औंदा.”

हुकुमचंद धुऱ्यावरून उतरला आणि त्याने पिशवीची नाडी हातात घेतली. “पाखरू पिशवी सोडते, लोंबी तोडते अन् परत गाठ मारून जाते का बे? हे पाहा मॅडम. तुम्ही सरकगाठ मारता. ही पेंडीची गाठ आहे.”

पेंडीची गाठ म्हणजे रोवण्याच्या, म्हणजे लावणीच्या वेळी धानाच्या रोपांच्या जुड्या बांधतात ती, पिळा देऊन खोचलेली. या भागात ती कुणाला शिकवावी लागत नाही. मनिरामला ती येत होती, चारही बायांना येत होती, खुद्द हुकुमचंदलाही येत होती.

“मुंबईचे सर अकराला पोचतील,” उर्वशी म्हणाली.  “त्यांना मी काय दाखवू?”

ते रोप दाखवण्याजोगं होतं. चिन्नोर हा या भागातला जुना, सुवासाचा धान. एका घरात शिजला की शेजारच्या घराला कळतं. पण तो माणसाच्या छातीच्या वर वाढतो, लोंबी भरली की वाऱ्याने आडवा होतो आणि नोव्हेंबरपर्यंत शेत अडवून ठेवतो. म्हणून लोक तो सोडत चालले होते. केंद्राने गेल्या वर्षी चिन्नोरचं थोडं बियाणं मुंबईला पाठवलं आणि त्याला गॅमा किरण देऊन परत आणलं. किरणांनी दाण्याच्या आत कुठे काय बदलेल हे आधी सांगता येत नाही. बहुतेक बदल वाईटच असतात. रोप पांढरं निघतं आणि मरतं, किंवा वाढतं पण दाणा भरत नाही. हजारोंत एखादं कामाचं निघालं तर निघतं, आणि तेही पहिल्या वर्षी सहसा दिसत नाही. यंदाची ही दुसरी पिढी होती. सहाशे चाळीस ओळी, प्रत्येक ओळीत वीस रोपं.

पहिल्या दिवशी उर्वशीने बायांना एकच गोष्ट सांगितली होती. इथे वेगळं दिसलं की उपटायचं नाही, खूण बांधायची.

फुलवंता सलामेच्या हातांना हे जड गेलं. केंद्राच्या बियाण्याच्या बांध्यांतून भेसळ काढणं हे तिचं बावीस वर्षांचं काम. एकसारख्या उभ्या पिकात एखादं रोप चार बोटं उंच असलं, एखाद्याचं पान जरा लालसर असलं, तरी तिला ते लांबून दिसायचं. ती जायची आणि मुळासकट उपटून धुऱ्यावर टाकायची. तिने काढलेल्या बांधीत तपासणीवाल्यांना बोट ठेवायला जागा सापडत नसे. इथे सगळं उलटं होतं. पहिल्या आठवड्यात तिने दोन रोपं उपटली. दोन्ही वेळा उर्वशीने ती तिच्या हातातून घेतली आणि चिखलात परत लावली. मग हात शिकले. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, अख्खी बांधी नुसत्या पानांची असताना, दोनशे बाराव्या ओळीतलं सातवं रोप बुटकंच राहून लोंबीवर आलेलं पहिल्यांदा तिनेच पाहिलं. लुगड्याच्या काठाची हिरवी चिंधी फाडून तिने त्याला बांधली आणि मग हाक मारली.

उर्वशी त्या दिवशी चिखलात गुडघ्यांवर बसली होती. पान चुरगाळून तिने वास घेतला, मग फुलवंताच्या नाकाशी धरलं. वास चिन्नोरचाच होता. “मावशी, महिनाभर आधी! आणि एवढंसं!” उर्वशी रहांगडाले मुर्री गावची, पिढ्यान्‌पिढ्या धान पिकवणाऱ्या पोवार घरातली, एकोणतीस वर्षांची. संशोधक म्हणून तिची नेमणूक प्रकल्पापुरती होती आणि प्रकल्प येत्या मार्चपर्यंत.

काल संध्याकाळी, सुट्टी झाल्यावर, फुलवंताने त्या रोपाची पिकलेली लोंबी तोडली होती.

आज तिच्या घरी नवा होता. दसऱ्याच्या आत नवा धान वाडवडलांना दाखवायचा, मग घरच्यांनी खायचा. तोवर नव्या पिकाचा दाणा तोंडात घालायचा नाही. दिवस गावाने ठरवलेला. सलाम्यांच्या घरची रीत अशी की, लोंबी बाजारातली चालत नाही, शेजाऱ्याच्या बांधीतली चालत नाही. घरच्या माणसाने आपल्या हाताने रोवलेल्या धानाची लागते. दरवर्षी त्यांच्या टेकराच्या, उंचवट्यावरच्या तुकड्यातला लवकर येणारा हलका धान तोवर पिकत असे. यंदा रोवणाच उशिरा झाला आणि धान हिरवा राहिला. तिचा नवरा बुधराम आठवडाभर रोज सकाळी त्या तुकड्यात जाऊन येत होता आणि रिकाम्या हाताने ओसरीवर बसत होता.

दोनशे बारावी ओळ फुलवंताने स्वतः रोवली होती. सात जुलैला, पावसात. साऱ्या शिवारात पिकलेली एकच लोंबी, तीही तिने रोवलेल्या आणि तिनेच पाहिलेल्या रोपाची. तिला वाटलं, सात आहेत, एक घेतली तर काय? उर्वशीला रोपाची उंची मोजताना तिने पाहिलं होतं, लोंब्या मोजताना पाहिलं नव्हतं. पिशवी तिने परत नीट बांधली. त्याआधी तिने इकडेतिकडे पाहून घेतलं होतं. हे मात्र तिला आता आठवत होतं.

मुंबईचे सर साडेअकराला आले. बियाण्याला किरण देण्याच्या कामातला, सत्तरीला टेकलेला, हडकुळा माणूस. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते सरळ बांधीत उतरले. एक लोंबी गेल्याचं ऐकून ते रागावले नाहीत. ते वाकले, उरलेल्या सहांपैकी एक लोंबी हातात घेऊन अंगठा आणि बोटाच्या मध्ये दाणे दाबू लागले. एक, दुसरा, दहावा. मग दुसरी लोंबी. बाया हातातलं काम थांबवून पाहत होत्या.

“हे फुलावर कधी आलं?”

“पहिली लोंबी चोवीस ऑगस्टला. बाकीच्या आठ दिवसांनी, सर.”

“तेव्हा पाऊस?”

“बाकीच्या फुलल्या तेव्हा. तीन दिवस सलग.”

त्यांनी हात पाण्यात धुतला. “पोचट आहेत. सहाही. दाबून पाहा तू.”

उर्वशीने पाहिलं. टरफल बोटात चपटं होत होतं, आत काही नव्हतं.

“पहिली आठ दिवस आधी फुलली, ती पावसातून सुटली. भरली असेल तर तीच,” ते म्हणाले. “निराश होऊ नकोस. या ओळीतल्या बाकीच्या रोपांत हाच गुण लपून बसलेला असू शकतो. त्यांचं बी नोव्हेंबरात घे, पुढच्या पावसाळ्यात लाव, चारातल्या एकात तो वर येईल.”

“पुढचा पावसाळा माझ्याकडे नाही, सर.” उर्वशी पिशवीची नाडी बोटाला गुंडाळत होती. “मार्चपर्यंत हातात काही दाखवता आलं तरच मुदतवाढ. ती लोंबी असती तर कुंडीत लावली असती, उन्हाळी पिकाला इटियाडोह धरणाच्या कालव्यावर रोवली असती.”

 हुकुमचंद मनिरामकडे वळला. “चोवीस घंटे या एका रोपासाठी तुला अठी ठेवलं होतं. एका रोपासाठी! उद्यापासून येऊ नको.”

“मी नाई घेतली, साहेब.”

“मग कोणी घेतली?”

“मले का मालूम? मी सांजच्याले च्या प्यायला गेलतो. पाच मिनिटं.”

“पाच मिनिटं,” हुकुमचंद म्हणाला आणि त्याने वही मिटली.

दुपारी बाया मोहाच्या झाडाखाली डबे सोडून बसल्या. मनिराम जरा लांब, बंद पडलेल्या पंपाच्या चौथऱ्यावर बसला होता. त्याने गोफण खांद्यावरून काढून शेजारी ठेवली होती. साडेबारा झाले होते. फुलवंता मनात हिशेब करत होती. बुधराम दिवस कलायच्या आत पूजेला बसतो. भावकीतली दहा माणसं येणार. दाणे त्याआधी कांडायचे. दोनला, फार तर अडीचला.

“मावशी, खाऊन नाई राहिल्या?” रश्मीने विचारलं. ती सगळ्यांत लहान, तोंडाने फटकळ. “आज तं तुमच्या घरी नवा हाये ना? मंग कामाले कायले आल्या?”

“सुट्टी मांगतली होती. पाहुणे येनार म्हणून देल्ली नाई.”

“देव बी बाईची हजेरी पाहून थांबते का?” दुसरी एकजण म्हणाली आणि तिघी हसल्या.

“अन् लोंबी भेटली का पन?” रश्मी भाताचा घास तोंडात घालत म्हणाली. “तुमचं धान तं हिरवंकंच हाये. परवा गेलती मी त्या रस्त्यानं.”

फुलवंताने डब्याचं झाकण उचललं आणि परत ठेवलं. तिच्या कानात पाणी गेल्यासारखं झालं होतं. “भेटली,” ती म्हणाली.

“कोनाची?”

फुलवंता डब्याच्या झाकणाकडेच पाहत राहिली. रश्मीचा हात तोंडाजवळच थांबला. चौथऱ्यावरून मनिरामने मान वळवून फुलवंताकडे पाहिलं. तिच्या लुगड्याच्या फाटलेल्या काठाकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे. तोही कुंभरे होता, सलाम्यांसारखाच गोंड, त्याच्याही घरी नवा होता. दुसऱ्याच्या बांधीतली लोंबी सलाम्यांच्या देवाला चालत नाही, हे त्याला माहीत होतं.

“मीच देल्ली,” मनिराम म्हणाला. “माह्या भाच्याच्या बांधीतली. खा ना वो चूपचाप, कायले तिले खोदून राहिली?”

आणि त्याने बिडी काढली.  तीन काड्या विझल्या.

फुलवंता उठली. हात न धुता, डबा तसाच उघडा टाकून ती कार्यालयाकडे चालू लागली. मागून रश्मी काहीतरी म्हणाली, ते तिला ऐकू आलं नाही.

आत सर चहा पीत होते. उर्वशी खिडकीशी उभी होती. हुकुमचंद टेबलावर मनिरामला कामावरून काढल्याचा कागद लिहीत होता.

“लोंबी माह्या घरी हाये,” फुलवंता दारातून म्हणाली. “मी तोडली. काल सांजच्याले. नव्यासाठी.”

हुकुमचंदची लेखणी कागदावरच थांबली. नव्यासाठी म्हणजे काय, हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तो याच मुलखातला. पण म्हणूनच त्याचा आवाज चढला. “बाई, दिमाग ठिकाणावर आहे का तुमचा? बावीस साल झाले अठी! बाकी कोणी केलं असतं तर म्हटलं असतं येडं आहे. तुम्ही? अन् तो बुढा सकाळपासून शिव्या खाऊन राहिला, तेव्हा का तोंडात भात होता?”

“होता,” फुलवंता म्हणाली.

 उर्वशीने तिच्याकडे नुसतं पाहिलं. हुकुमचंदच्या ओरडण्यापेक्षा ते सोसायला कठीण होतं. रोपाची पहिली चिंधी याच बाईने बांधली होती.

“दाणे शिजले का?” सरांनी विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला होता.

“मालूम नाई, साहेब. आता बसतीन पूजेले.”

“मग इथे काय करताय दोघी?”

स्कूटीवर फुलवंता उर्वशीच्या मागे बसली. गाव सात किलोमीटरवर, चिचगडच्या बाजूला, मधे जंगल. रस्ता पावसाने उखडलेला. उर्वशी खड्डे चुकवत नव्हती. एका नाल्यावर पाणी वाहत होतं, तिथे फुलवंता खाली उतरली आणि स्कूटीमागून ढोपरभर पाण्यातून पळत पलीकडे गेली.

“मला विचारायचं होतं, मावशी,” उर्वशी समोर पाहतच म्हणाली. “मी नाही म्हटलं असतं का?”

“तुमी नाई म्हनलं असतं,” फुलवंता म्हणाली. “म्हनूनच नाई विचारलं.”

पुढच्या चार किलोमीटरवर उर्वशीने वेग कमी केला नाही.

अंगणात पत्रावळ्या पडल्या होत्या. एक कोंबडी त्यांतली शितं टिपत होती. उखळ ओसरीच्या कडेला उलटं करून ठेवलेलं होतं. फुलवंताने ते पाहिलं आणि ती उंबऱ्यातच थांबली. बुधराम पंचा बांधून आतून आला. त्याने आधी बायकोकडे, मग अंगणातल्या मुलीकडे पाहिलं.

“लवकर आली? बरं झालं. तुह्यापुरता भात ठेवला हाये.” त्याचा चेहरा उजळलेला होता. “विक्कीची माय, का लोंबी होती ती! हांडीचं झाकन काढलं अन् साऱ्या भावकीनं नाक वर केलं. वाडवडील बुढे खूश झाले असतीन.”

“सारे कांडले?”

“कांडले ना मंग. भावकी लवकर जमली, अकरालेच बसलो पूजेले. जुन्या तांदळात टाकून भात झाला, जेवून गेले लोक.”

“सारेच?”

“बुढ्याइचा वाटा पानावर हाये,” बुधराम म्हणाला. आता त्याच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. “काऊन?”

फुलवंताने सांगितलं. उभ्या उभ्या, थोडक्यात. रोप, पोचट लोंब्या, मनिराम. बुधराम ऐकता ऐकता ओसरीवर खाली बसला.

उर्वशी अजून अंगणातच होती. तिने चपला काढल्या, पण पायरी चढली नाही. “काका, पानावरचे दाणे कांडलेले आहेत?”

“नाई. त्याइच्या दान्याले मुसळ कसं लागन? नखानं सोलाचे असते. लोखंड नाई, मुसळ नाई, इस्तव नाई. आमच्या घरची रीत हाये.”

उर्वशीने डोळे मिटले आणि उघडले. “नखाने सोललेला दाणा उगवतो,” ती म्हणाली. “टोकाचा कोंब शाबूत असेल तर उगवतो.” आणि लगेच, घाईने म्हणाली, “मी मागत नाही. आमच्याही घरी देवापुढचं कुणी उचलत नाही. मी फक्त सांगितलं.”

आतल्या खोलीच्या कोपऱ्यात शेणाने सारवलेल्या जागेवर साजाच्या झाडाचं पान होतं. त्यावर सोललेले दाणे, बारीक, किंचित हिरवट. शेजारी दिवा विझत आला होता. फुलवंता आणि बुधराम त्याच्यासमोर बसले. उर्वशी आता पायरी चढून दारापर्यंत आली होती, तिथून तिला त्यांच्या पाठी दिसत होत्या.

“पानावरचं उचलत नसते,” बुधराम म्हणाला.

“मालूम हाये.”

“तुहा सासरा मरतानी हेच सांगून गेलता.”

“मी होती तठी. मनिरामनं माह्यासाठी झूट सांगतलं आज. त्याचं काम जाऊन राहिलं.”

“तू नाव सांगून देल्लं ना. मंग सुटला तो.”

“तो सुटला. ते पोट्टी नाई सुटली. अन् ते धान नाई सुटलं.”

बुधराम पानाकडे सरकला. मग म्हणाला, “पाहू. त्याइलेच इचारू.” गावात कुणाचं दुखणं असो की कुणाची गाय हरवलेली असो, बुधरामचा बाप दाणे पाहायचा. मूठभर दाणे टाकायचे, जोड्या लावायच्या. सगळे जोडीत बसले तर हो, एक सुटा राहिला तर नाही. बुधरामने पानावरचे दाणे बोटाच्या टोकाने दोन-दोन करून बाजूला सारायला सुरुवात केली. त्याचं बोट जाड होतं, दाणे निसटत होते. अकरा जोड्या झाल्या.

एक दाणा उरला.

“नाई म्हनून राहिले,” बुधराम म्हणाला. त्याच्या आवाजात सुटल्यासारखं काहीतरी होतं.

दारात उर्वशीने निघण्यासाठी मागे चपलांकडे पाहिलं. फुलवंता हलली नाही. एवढी वर्षं ती ओळीतल्या एकसारख्यांत एक वेगळा शोधत आली होती. ती त्या सुट्या दाण्याकडे तशीच पाहत होती.

“नाई म्हनले असते तं त्यांनी काहीच घेतलं नसतं,” ती म्हणाली. “एक घेतला त्यांनी. तो त्याइचा. बाकीचे साजरे जोडीत बसले, पाहा ना.”

“आता देवाले बी तूच शिकवशीन का?”

“मी कायले शिकवू? सुटा त्यांनी काढला, मी नाई.”

बुधरामने तिच्याकडे पाहिलं, मग पानाकडे. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, तिने देवाच्या कोपऱ्यात आपलं म्हणणं मांडल्याचं त्याला आठवत नव्हतं. तो गुडघ्यांवर हात टेकून उठला. “बकरी सुटी असन,” तो म्हणाला आणि उर्वशीच्या बाजूने अंगणात गेला, अंगणातून गोठ्यात. बकरी बांधलेलीच होती, ती दारातून दिसत होती.

फुलवंताने बावीस दाणे एकेक करून उचलले. उर्वशीने पुढे केलेल्या कागदी पाकिटात टाकले. तेविसावा पानावर राहिला. तिने पान सरळ केलं, दिव्यात थोडं तेल घातलं आणि डोकं टेकवलं.

पाकिटावर उर्वशीने तारीख लिहिली. ओळ २१२, रोप ७, मुख्य लोंबी, दाणे २२, सोललेले. ‘कोठून मिळाले’ या रकान्याशी तिची लेखणी थांबली, मग तिने फुलवंताचं पूर्ण नाव लिहिलं.

दुसऱ्या दिवशी हजेरीच्या वेळी हुकुमचंदने फुलवंताला बाजूला घेतलं. तो तिच्याकडे न पाहता बोलत होता. वरून फोन आला होता. प्रयोगाच्या जागेतून कुणी काही नेलं तर त्याला कामावरून काढायचं, हे छापील होतं, त्याच्या हातात नव्हतं. “मनिरामला ठेवलं आहे,” तो म्हणाला. “दिवाळीनंतर गोडाऊनचं पाहू. बीज साफ करायला. पाहू म्हणतो, नक्की नाही.” फुलवंताने विळा आणि डबा उचलला. बाहेर पडताना तिने बियाण्याच्या बांधीकडे पाहिलं. तिथे धुऱ्यापासून चौथ्या ओळीत एक रोप चार बोटं उंच वर आलं होतं. तिचे पाय थांबले. मग ती फाटकाकडे गेली.

ऑक्टोबरच्या तेरा तारखेला त्यांचा टेकराचा धान कापायला आला. बुधराम एका टोकाने, फुलवंता दुसऱ्या टोकाने. दहाच्या सुमारास धुऱ्यावर स्कूटी थांबली. उर्वशीचा चेहरा उतरला होता, झोप नसल्यासारखा.

“किती?” फुलवंताने विचारलं.

“नऊ.”

“बाकीचे?”

“बुरशी लागली. सोललेल्यांना लवकर लागते. नऊ कुंडीत लावलेत. बोटभर झालेत.”

“तेवढेच राहतीन का?”

“बुटके का? ते आत्ताच नाही सांगता येणार, मावशी. मनिरामकाका तिथून हलत नाहीत. काल मी म्हटलं, जेवून या, तर म्हणाले, मी च्या प्यायला गेलतो एकदा, पुन्हा नाई जात.”

फुलवंता हसली. पदराने तोंड पुसलं. उर्वशी आणखी काहीतरी सांगणार होती. तुमच्या कामाचं कार्यालयात बोलले, सरांनी पत्र लिहिलंय, असं काहीसं. पण फुलवंताच म्हणाली, “च्या पिऊन जा. उन्हात आल्या.” उर्वशी थांबली नाही, कुंड्यांना पाणी द्यायचं होतं. स्कूटीचा आवाज जंगलात शिरेपर्यंत फुलवंता धुऱ्याकडे पाहत उभी होती.

मग ती परत वाकली. मूठ धरायची, विळा ओढायचा, पेंडी मागे टाकायची. तुकडा अर्धा झाला असेल, तेव्हा तिचा हात थांबला. समोर एक रोप होतं. बाकी सगळा धान पिवळा पडून झुकलेला, हे अजून ताठ उभं, पान हिरवं, लोंबी भरलेली. भेसळ असेल. असंच एखादं असेल. तिने डावा हात मुळाशी नेला आणि क्षणभर तसाच ठेवला.

पलीकडून बुधरामने हाक मारली, “का झालं?”

“काही नाई,” ती म्हणाली.

तिने लुगड्याच्या काठाची एक चिंधी फाडली, रोपाला बांधली, पेंडीची गाठ मारली. मग त्याच्याभोवतीचा धान कापून ती पुढे सरकली.